माणूस जागा आहे पण हलत नाही, बोलत नाही: कॅटाटोनिया ओळखायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याची चुलत बहीण, वय २६, आठवडाभरापासून बोलत नाहीये, खात नाहीये, मोरीच्या दारात नाहीतर खिडकीपाशी तासन्‌तास उभी राहते. घरातले अर्धे म्हणतात नाटक करतेय, अर्धे म्हणतात बाहेरचं आहे. हॉस्पिटलात डॉक्टरांनी कॅटाटोनिया सांगितलं आणि झोपेच्या गोळ्यांच्या जातीतलं इंजेक्शन दिलं. आधीच गप्प पडलेल्या मुलीला अजून झोपवायचं कशाला, आणि हे ओळखतात तरी कसं, कुठला रक्ताचा रिपोर्ट आहे का? आणि हे औषध आता कायमचं का?

मी सायकिॲट्रिस्ट आहे आणि असे पेशंट सरकारी वॉर्डातही बघितलेत आणि प्रायव्हेटमध्येही. आधी इंजेक्शनचंच बोलतो, कारण घरच्यांचा डॉक्टरवरचा विश्वास नेमका तिथेच उडतो.

ते बहुतेक लोराझेपाम असणार. बाकी लोकांना ते झोप आणतं हे खरंच आहे. पण कॅटाटोनियात पेशंट झोपलेला नसतो, तो जागा असतो आणि अडकलेला असतो. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे, त्याचं काम कॅटाटोनियात कमी पडतं असं मानलं जातं, आणि लोराझेपाम बरोबर तिथे जोर लावतं. म्हणून एक-दोन मिलिग्रॅम शिरेतून दिलं की पाचेक मिनिटांत, स्नायूत दिलं तर पंधराएक मिनिटांत आणि गोळी दिली तर अर्ध्या तासाने पेशंट परत तपासायचा. बऱ्याच जणांत फरक डोळ्यांनी दिसतो, पापण्या हलायला लागतात, मान वळते, कोणी पाणी मागतं, कोणी आईला हाक मारतं आणि आई तिथेच रडायला लागते. वेगवेगळ्या अभ्यासांत लोराझेपामने सुधारणाऱ्यांचं प्रमाण साधारण ६० ते ८० टक्के येतं. ही आयडिया तशी जुनी आहे, १९३० साली अमेरिकेत ब्लेकवेन नावाच्या डॉक्टरने सोडियम अमायटल देऊन असे गप्प पेशंट बोलते केले होते, लोराझेपाम त्यामानाने खूप सेफ.

आता इथे एक गोष्ट घरच्यांना कोणीच सांगत नाही आणि मग घोटाळा होतो. इंजेक्शनचा असर काही तासांचा असतो. म्हणजे दुपारी पोरगी दोन घास खाते, चार वाक्यं बोलते, आणि रात्री परत तशीच. मग काका म्हणतात बघा, दुपारी बोलत होती की, म्हणजे मनात आलं की बोलते, नाटकच आहे. अहो औषध उतरलं म्हणून गप्प झाली! म्हणून हे दिवसातून तीन-चार वेळा वेळेवर द्यायचं असतं आणि लागलं तर डोस वाढवायचा असतो, काहींना दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या वर जावं लागतं, इतका डोस तुम्हीआम्ही घेतला तर दिवसभर उठणार नाही, पण हा पेशंट त्या डोसवर उठून बसतो. (हे वाचून कोणी घरात पडलेली ॲटिव्हान, म्हणजे लोराझेपामचीच गोळी, देऊ नका, श्वासावर लक्ष ठेवायला माणूस लागतो आणि मुळात ते कॅटाटोनियाच आहे का हे आधी ठरायला लागतं.)

बरं, ओळखायचं कसं. रक्ताचा रिपोर्ट नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही, ईईजीमध्येही त्याची अशी खूण नाही. हे आजार आहे असं सांगणारी एकच गोष्ट म्हणजे पेशंटला हात लावून केलेली तपासणी, आणि ती नेमकी केली जात नाही. लांबून बघणाऱ्याला फक्त गप्प बसलेला पेशंट दिसतो, राऊंडला फाइलमध्ये ‘नॉट को-ऑपरेटिव्ह’ असं लिहून पुढे जातात, आणि गप्प पेशंट कोणाला त्रास देत नाही म्हणून वॉर्डात तो सगळ्यात शेवटी बघितला जातो. माझ्या मते कॅटाटोनिया नजरेतून सुटतो तो दुर्मिळ असल्यामुळे नाही, तपासलाच जात नाही म्हणून. २०१८ साली जगभरातल्या अभ्यासांची एक गोळाबेरीज झाली होती त्यात प्रमाण शंभर पेशंटांत नऊच्या आसपास आलं, म्हणजे मोठ्या वॉर्डात कायम एखाददुसरा असतोच.

तपासणी अशी करतात. आधी पेशंटशी नॉर्मल गप्पा मारायचा प्रयत्न करायचा आणि मध्येच स्वतःचं डोकं मुद्दाम ठळकपणे खाजवायचं, पेशंट तीच कृती करतो का बघायचं. मग हात सैल सोडायला सांगून कोपरातून हलवायचा, कधी हळू कधी जोर लावून. उचललेला हात हवेत सोडून द्यायचा आणि थांबायचं, खाली येतो की तसाच राहतो. हा हात वाकवताना ऊन लागलेली मेणबत्ती वाकवल्यासारखं वाटतं, आधी थोडा विरोध आणि मग हळूहळू वळतो. मग सांगायचं की आता मी बोट लावलं तरी हात वर जाऊ द्यायचा नाही, आणि एका बोटाने हलकंच वर ढकलायचं, तर काहींचा हात सांगितलेल्याच्या उलट त्या बोटाबरोबर आपोआप वर जातो. मग हात पुढे करून म्हणायचं, माझ्याशी हात मिळवू नका, आणि काही पेशंट अर्ध्यात हात आणतात, मागे घेतात, परत आणतात, दोन्हीच्या मध्ये अडकतात. शेवटी खिशात हात घालून म्हणायचं, जीभ बाहेर काढा, मला तिला टाचणी टोचायची आहे. टोचायची अर्थातच नसते. एरवी कोणीही माणूस तोंड बंद करेल, पण आज्ञा मोडताच न येणारा पेशंट जीभ बाहेर काढतो आणि तशीच धरून ठेवतो. पहिल्यांदा बघणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरच्या अंगावर काटा येतो.

या सगळ्याला बुश-फ्रान्सिस स्केल म्हणतात, १९९६ सालचं आहे, एकूण २३ खुणा, त्यातल्या पहिल्या १४ चाळणीसाठी, आणि त्या चौदातल्या दोन जरी सापडल्या तरी संशय धरून पुढे जायचं. मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक डीएसएम-५ बारा खुणांतल्या तीन मागतं. तपासायला दहा मिनिटंही पुरतात, यंत्र लागत नाही, तालुक्याच्या दवाखान्यातही होऊ शकतं. पुस्तकातले फोटो बघून लोकांना वाटतं हात हवेत राहिला तरच कॅटाटोनिया, तसं अजिबात नाही. जास्त करून दिसतं ते न बोलणं, एकटक बघणं, न हलणं, आणि खाणंपिणं सोडणं. काही जण समोरच्याचे शब्द परत बोलतात, काही जण तोंड वेडंवाकडं करतात, एकच हालचाल करत राहतात, आणि काही जण सांगाल त्याच्या उलट करतात, उठा म्हटलं की अंग आवळतात, तोंडाजवळ चमचा नेला की दात घट्ट.

आता नाटकाबद्दल. उशी काढून घ्या आणि डोकं गादीपासून चार बोटं वर तसंच ठेवून पडून बघा, दोन-तीन मिनिटांत मान भरून येईल. कॅटाटोनियातला पेशंट असा तास न् तास राहू शकतो. लघवी अडून ओटीपोट फुगलंय आणि तरी हलत नाही, असं नाटक कोणी करत नाही. आणि एक गंमत जुन्या डॉक्टरांनी लिहून ठेवलीये, पेशंट सगळा वेळ गप्प असतो आणि डॉक्टर उठून दाराकडे वळला की ओठ हलतात, काहीतरी सांगायला बघतो. घरचे म्हणतात बघा बघा, डॉक्टर जायला लागले तशी बोलायला लागली! पण ती आजाराचीच खूण आहे, उत्तर द्यायचं होतं, ते बाहेर यायला तेवढा वेळ लागला. म्हणून प्रश्न विचारून दहा सेकंदांत दुसरा प्रश्न विचारू नका.

आतून काय होतं ते बरे झाल्यावर पेशंट सांगतात. सगळ्यांना आठवत नाही, पण ज्यांना आठवतं त्यातले बरेच जण एकच गोष्ट सांगतात, भीती. हललो तर घरच्यांना काहीतरी होईल, बोललो तर जग संपेल, असं काहीतरी. आणि ऐकू सगळं येत होतं. कोण काय बोललं, कोणी चिमटा काढला, कोणी मिरचीचा धूर दिला, सगळं. तेव्हा पेशंटच्या उशाशी बसून ‘हिचं लग्न कसं होणार आता’ असल्या चर्चा करू नका, हे मी प्रत्येक नातेवाइकाला सांगतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी मावशी करतेच.

बाहेरचं आहे म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. देवऋषाकडे जाऊन आलात, अंगारा लावलात, हरकत नाही, पण उपाशी ठेवणं, मारणं, धुरी देणं हे नको, आणि पाणी न घेता चोवीस तास गेले तर आधी हॉस्पिटल, मग बाकीचं. गप्प आणि शांत दिसणारा हा पेशंट शरीराने सायकिॲट्रीतल्या सगळ्यात धोक्याच्या पेशंटपैकी एक असतो. पडून राहून पायाच्या शिरेत गुठळी होते आणि ती फुफ्फुसात गेली तर माणूस मिनिटांत जातो. पाणी नाही म्हणून किडनीवर ताण, गिळता येत नसताना जबरदस्तीने दूध घातलं की ते श्वासनलिकेत जाऊन न्युमोनिया, पाठीला जखमा. म्हणून नाकातून नळी, सलाइन, लघवीची नळी, गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीखाली दिलेलं इंजेक्शन, दर दोन तासांनी कूस बदलणं, हे सगळं मानसिक आजाराच्या पेशंटला कशाला असं विचारू नका. बऱ्याच दिवसांच्या उपाशी पेशंटला एकदम भरपूर अन्न देणंही धोक्याचं असतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशिअम कोसळतं, आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन हळूहळू वाढवतात.

कॅटाटोनिया म्हणजे फक्त गप्प राहणंही नाही. याची एक उलटी बाजू आहे, पेशंट विनाकारण येरझाऱ्या घालतो, ओरडतो, कपडे काढतो, कोणावर धावून जातो, आणि कशाचाच कशाशी संबंध नसतो, समोर काय चाललंय त्याचाही नाही. हा पेशंट कॅज्युअल्टीत आला की पोलीस, वॉर्डबॉय, दोरी आणि हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन अशी गाडी ठरलेली असते. आणि इथेच खरा धोका आहे.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. कॅटाटोनियाचं पहिलं सविस्तर वर्णन कार्ल कालबाउमने १८७४ साली केलं, जर्मनीतल्या ग्योर्लित्स गावात त्याचं हॉस्पिटल होतं, आणि त्याच्या वर्णनात उदास पेशंट होते, उन्मादातले होते, सगळे होते. पुढे जर्मन सायकिॲट्रिस्ट एमिल क्रेपेलिनने हे सगळं उचलून आज आपण ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या खणात टाकलं. तिथे ते जवळपास शंभर वर्षं राहिलं. १९७०च्या दशकात अमेरिकेत परत नीट मोजायला सुरुवात झाली तेव्हा दिसलं की असे बरेच पेशंट मुळात बायपोलर किंवा डिप्रेशनचे आहेत. २०१३च्या डीएसएम-५ने आणि २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीने, कॅटाटोनियाला स्किझोफ्रेनियाच्या दावणीतून सोडवलं. पण डोक्यातून जायला वेळ लागतो. कॅटाटोनिया म्हणजे स्किझोफ्रेनिया, आणि स्किझोफ्रेनिया म्हणजे अँटिसायकॉटिक (भास-भ्रमांवरची औषधं, हॅलोपेरिडॉल त्यातलंच), हे गणित अजून चालतं, आणि कॅटाटोनिया चालू असताना, त्यातून पाणी कमी पडलेल्या पेशंटला, हॅलोपेरिडॉलसारखी जोरदार औषधं दिली तर काहींचं अंग आणखी ताठरतं, ताप चढतो, घामाच्या धारा, नाडी आणि बीपी खालीवर, रक्तात सीपीके नावाचा आकडा हजारोंत जातो. याला न्युरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात, यात माणूस दगावू शकतो. औषधाशिवायही कॅटाटोनिया असा तापात जाऊ शकतो, ते तितकंच गंभीर. म्हणून नियम साधा ठेवा: गप्प किंवा ताठर पेशंटला ताप आला की त्याच तासाला आयसीयू असलेलं हॉस्पिटल, उद्या सकाळी नाही. अँटिसायकॉटिक कधीच द्यायचं नाही असंही नाही, मूळ आजाराला लागलं तर नंतर, जपून, लोराझेपाम चालू ठेवून देतात.

मूळ आजार शोधणं ही दुसरी अर्धी लढाई. बायपोलर, डिप्रेशन, सायकोसिस, बाळंतपणानंतरचा आजार हे मनाचे झाले, पण मेंदूज्वर, सोडियम घसरणं, लिव्हरचा त्रास, ल्युपस, आपल्याकडे टायफॉइडमध्येसुद्धा कॅटाटोनिया झालेला लिहिलेला आहे. ईईजी काढतात तो कॅटाटोनिया दिसावा म्हणून नाही, हातपाय न हलणारी आतली फिट चालू नाही ना हे बघायला. औषध अचानक बंद केल्यानेही होतं, क्लोझापिन (हेही अँटिसायकॉटिकच) एकदम सोडलेला किंवा वर्षानुवर्षं अल्प्राझोलाम (लोराझेपामच्याच जातीतली गोळी) घेणारा आणि ते अचानक थांबवलेला पेशंट. तरुण मुलगी, आधी कधी मानसिक त्रास नाही, काही दिवसांत विचित्र वागणं, मग फिट, मग तोंडाच्या विचित्र हालचाली आणि मग कॅटाटोनिया, असं असेल तर एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस डोक्यात यायलाच हवा. २००७ साली हा आजार नीट ओळखला गेला, त्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते, काही मुलींमध्ये बीजांडकोशात गाठ सापडते, आणि पाठीतलं पाणी तपासावं लागतं. तुमच्या बहिणीच्या बाबतीत हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा, वय आणि अचानक सुरुवात दोन्ही बसतं. ऑटिझमच्या मुलांतही वयात येताना कॅटाटोनिया होतो, आधी येत असलेली कामं मुलगा अचानक विसरल्यासारखा करतो, दाराच्या उंबऱ्यावर अडकतो, आणि सगळे म्हणतात ऑटिझम वाढला.

लोराझेपामने तीन-चार दिवसांत पुरेसं उठलं नाही, किंवा ताप, बीपीची गडबड सुरू झाली, तर ईसीटी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात. नाव काढलं की घरचे उठून उभे राहतात, मला कळतं, सिनेमांनी तेवढंच दाखवलंय. पण ईसीटी सगळ्यात चांगली जिथे चालते त्या आजारांत कॅटाटोनिया अगदी वर आहे. फिट आणून उपचार करण्याची सुरुवातच मुळी अशा पेशंटपासून झाली, १९३४ साली बुडापेस्टमध्ये मेडुनाने कापराचं इंजेक्शन दिलेला पहिला पेशंट चार वर्षं कॅटाटोनियात पडून होता. आज कापूर नाही, भूल देऊन, स्नायू सैल करून, काही सेकंदांचा करंट, आठवड्यातून दोन-तीनदा. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी करायला बंदी आहे, १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीबरोबर या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य बोर्डाची आधी परवानगी लागते, आणि तातडीचा उपचार या कलमाखाली ईसीटी देता येत नाही. त्या दिवसांतलं थोडं विसरायला होतं, हे आधी सांगून ठेवायला हवं. ॲडमिशनला सही कोण करणार हा प्रश्न येतो कारण पेशंट हो-नाही काहीच सांगत नाही, तर कायद्यात नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हची, म्हणजे पेशंटच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाची, सोय आहे, त्याच्या अर्जावर, एक सायकिॲट्रिस्ट आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ यांनी स्वतंत्र तपासल्यावर, ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं.

तुम्ही काय करायचं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, ती कशी उभी राहते, जेवताना काय करते, कारण ओपीडीत नेमकी त्या दहा मिनिटांत ती ठीक दिसू शकते. शेवटचं पाणी कधी घेतलं, लघवी कधी झाली, ताप किती, हे लिहून ठेवा. गेल्या दोन-तीन महिन्यांत घेतलेल्या आणि बंद केलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक पुड्यासुद्धा. एका पायाची पोटरी दुसरीपेक्षा सुजलीये का रोज बघा. आडवं पाडून तोंडात काही ओतू नका. बोला मात्र तिच्याशी, काय करतोय ते सांगून करा, उत्तर येवो न येवो. जवळ कोणी मानसतज्ज्ञ नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मेडिकल कॉलेज, किंवा पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीचं आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय इथे दाखवता येईल, पण ताप असेल किंवा पाणी पूर्ण बंद असेल तर मेडिसिन आणि आयसीयू एकाच आवारात असलेलं मोठं हॉस्पिटलच गाठा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ही गोळी कायमची का. बहुतेकांना नाही, पण चांगली बोलायला लागली म्हणून आठवड्यात बंद केली की परत अडकते, हे खूपदा होतं. मूळ आजाराचं औषध बसेपर्यंत लोराझेपाम चालू ठेवतात आणि मग आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं उतरवतात, काहींना काही महिने लागतात. उतरवताना परत हालचाली मंदावल्या, जेवताना हात मध्येच थांबायला लागला तर वाट न बघता मागच्या डोसवर जायचं असतं, तेव्हा डिस्चार्ज घेताना कुठल्या आठवड्यात किती गोळी हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.